पहिली गोळी कोणाची?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातलं एक दृश्य आपल्याकडे शाळेपासून सगळ्यांना ठाऊक असतं. बॉस्टनचं बंदर, डिसेंबरची रात्र, जहाजांवर चढलेली माणसं आणि पाण्यात ओतला जाणारा चहा. का ओतला असं विचारलं की उत्तर जिभेवरच असतं: इंग्रजांनी चहावर कर लावला म्हणून.

गंमत अशी, की ज्या कायद्यामुळे हा प्रकार घडला त्या १७७३ च्या चहा कायद्यानं चहा महाग होणार नव्हता, उलट स्वस्त होणार होता. पौंडामागे तीन पेन्सचा कर होता खरा, पण तो १७६७ पासूनचा, जुनाच. नव्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडमध्ये भरलेली जकात परत मिळणार होती आणि मधल्या व्यापाऱ्यांना वगळून चहा थेट अमेरिकन वसाहतींत पाठवता येणार होता. कर भरूनही हा चहा हॉलंडहून चोरून येणाऱ्या चहापेक्षा स्वस्त पडावा, असा हिशेब होता. मग स्वस्तात मिळणारा चहा बॉस्टनकरांनी समुद्रात का टाकला?

याचं उत्तर चहाच्या भावात सापडत नाही. तो विकणार कोण, हे पाहावं लागतं. कंपनीनं प्रत्येक बंदरात मोजके अडते नेमले, आणि बॉस्टनच्या अडत्यांत खुद्द गव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचे दोन मुलगे होते. राजरोस आयात करणारे बाकीचे व्यापारी त्यामुळे बाहेर फेकले गेले, चोरटा माल आणणारेही गेले. (बॉस्टनच्या प्रतिष्ठितांत हा दुसरा वर्ग काही लहान नव्हता.) शिवाय तत्त्वाची धास्ती होती. ज्या पार्लमेंटात आपला एकही प्रतिनिधी नाही, तिनं लावलेला कर स्वस्ताईच्या मोहानं एकदा भरला की तो कायमचा मान्य केल्यासारखा होणार. त्यात जकातीचा नियम आडवा आला. बंदरात आल्यापासून वीस दिवसांत कर भरला नाही, तर माल जप्त. ‘डार्टमाउथ’ हे पहिलं जहाज २८ नोव्हेंबरला लागलं होतं आणि माल न उतरवता त्याला परत जाऊ द्यायला गव्हर्नर तयार नव्हते. मुदत संपत आली, आणि १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीन जहाजांवरच्या सुमारे ३४० पेट्या फुटल्या. नव्वद हजार पौंडांहून जास्त चहा खाऱ्या पाण्यात गेला.

जाता जाता एक सांगायला हवं. तो चहा भारतातला नव्हता, चीनमधला होता. आसामातले मळे त्यानंतर साठेक वर्षांनी आले. भारताचा संबंध होता तो कंपनीच्या डबघाईशी. १७७० च्या दुष्काळानं बंगाल उद्ध्वस्त झाला होता, लढायांचा खर्च वाढला होता आणि लंडनच्या वखारींत न खपलेला चहा पडून होता. कंपनीला सावरायला पार्लमेंटनं १७७३ मध्ये चौदा लाख पौंडांचं कर्ज दिलं, चहाचा कायदा केला आणि त्याच वर्षी रेग्युलेटिंग ॲक्टही केला. या रेग्युलेटिंग ॲक्टमुळे युद्ध आणि तह यांच्या बाबतीत मुंबईकर इंग्रज कलकत्त्याच्या ताब्यात गेले. म्हणून मार्च १७७५ मध्ये मुंबईनं राघोबादादाशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्यानं उडवून लावला आणि पुढच्या वर्षी पुरंदरचा तह केला. आर्थिक संकट एकच होतं. त्याचा एक फाटा बॉस्टनला गेला, दुसरा पुण्याला.

दोन वर्गांतली विद्यार्थिनी

अमेरिकेत शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलीला कॉलेजात अशी कोडी एकामागून एक भेटतात. तिकडे देशभर एकच अभ्यासक्रम नसतो, काय शिकवायचं ते प्रत्येक राज्य ठरवतं. पण बऱ्याच राज्यांत वसाहतींचा काळ आणि क्रांती पाचवीला येते, आणि आठवीला पुन्हा येते. म्हणून दहा-अकरा वर्षांच्या मुलांना शिकवायचं असलं तरी हा इतिहास तिला नीट शिकावा लागतो. कॉलेजात अमेरिकेचा इतिहास साधारणपणे दोन भागांत असतो आणि पहिला भाग बहुतेक ठिकाणी १८७७ पर्यंत येऊन थांबतो. सोबतीला शिक्षणशास्त्र, अनेक राज्यांत विषयज्ञानाची परीक्षा, आणि आपल्याकडच्या बी.एड.सारखेच सरावपाठ.

अडचण अशी, की ती एकाच वेळी दोन वर्गांत बसलेली असते. कॉलेजच्या वर्गात प्राध्यापक प्रत्येक ठाम वाक्याचे टाके उसवतात. शाळेच्या वर्गात तिला तेच कापड तासाभरात शिवून मुलांच्या हाती द्यायचं असतं. ‘इतकं खोल शिकून पाचवीला काय उपयोग?’ हा प्रश्न तिकडचे विद्यार्थीही विचारतात. माझ्या मते उपयोग नेमका पाचवीलाच जास्त आहे. कारण तिथे दहा वाक्यांतली नऊ गाळावी लागतात, आणि उरलेलं एक वाक्य कशावर उभं आहे हे माहीत असल्याशिवाय कोणती नऊ गाळायची ते कळत नाही.

सुरुवात कुठून करायची इथपासूनच वाद आहे. १६०७ ला इंग्रजांनी व्हर्जिनियात जेम्सटाउन वसवलं तिथून? की १६२० च्या प्लिमथपासून? स्पॅनिश लोकांनी फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन त्याआधीच, १५६५ मध्ये वसवलं होतं. त्याहीपूर्वी, इसवी सन ११०० च्या सुमारास, मिसिसिपी नदीकाठी कहोकिया नावाचं हजारो वस्तीचं नगर होतं आणि तिथला मातीचा प्रचंड चौथरा आजही उभा आहे. जिथून सुरुवात करावी, तिथली माणसं मुलांना ‘आपली’ वाटतात आणि बाकीची नंतर आलेली पाहुणी वाटतात.

लेक्सिंग्टनची सकाळ

कोडं कसं सोडवतात ते पाहायला एकच सकाळ घेऊ. १९ एप्रिल १७७५. बॉस्टनहून सातशेच्या आसपास ब्रिटिश शिपाई कॉन्कर्ड गावातला शस्त्रसाठा जप्त करायला रात्रीच निघाले होते. वाटेत लेक्सिंग्टन लागतं. गावच्या हिरवळीवर कॅप्टन जॉन पार्करच्या हाताखाली सत्तरेक गावकरी बंदुका घेऊन उभे होते. कुठून तरी एक गोळी सुटली, मग धडाधड सुटल्या. आठ गावकरी मेले आणि आठ वर्षांचं युद्ध सुरू झालं.

पहिली गोळी कोणी झाडली?

पार्करचा शपथेवरचा जबाब उपलब्ध आहे. तो सांगतो, मी माणसांना पांगायला आणि गोळी न झाडायला सांगितलं होतं. शिपाई धावून आले आणि त्यांनीच गोळ्या घातल्या. त्याच्या चौतीस माणसांनी मिळून दिलेला जबाबही हेच सांगतो. शिपाई तिथे होते, गावकरीही होते, शपथही घेतली आहे. प्रश्न मिटला?

इथे थांबून एक गोष्ट आठवावी. गावात जमिनीच्या वाटणीवरून दोन भावांचं बिनसलं की थोरल्याची हकीकत ऐकताना आपण ‘काय झालं’ याआधी ‘सांगतंय कोण, कोणाला, आणि आत्ताच का’ हे मनातल्या मनात ताडून पाहतो. हे कोणी शिकवावं लागत नाही. मात्र तीच हकीकत छापील पुस्तकात आली की ही सवय गळून पडते. इतिहासाचं शिक्षण म्हणजे बऱ्याच अंशी ही सवय कागदावर परत आणणं.

तर पार्करचा जबाब कधीचा? २५ एप्रिलचा, घटनेनंतर आठवड्याच्या आतला. हे चांगलं. घेतला कोणी? मॅसॅच्युसेट्सच्या बंडखोर प्रांतिक काँग्रेसनं. कोणासाठी? जॉन डर्बी नावाच्या कप्तानानं हे जबाब ‘क्वेरो’ नावाच्या वेगवान जहाजातून लंडनला नेले आणि ब्रिटिश सेनापती गेज यांचा सरकारी अहवाल आधी निघालेला असूनही डर्बी त्याच्या आधी पोचला. म्हणजे ही कागदपत्रं इंग्लंडमधल्या जनमतासाठी तयार केलेली होती. आपण निरपराध आहोत हे दाखवणं तेव्हा जीवनमरणाचा प्रश्न होता. त्यामुळे जबाब खोटे ठरत नाहीत, पण कुठल्या बाजूला झुकलेले असणार ते कळतं.

आता पलीकडची बाजू. जॉन बार्कर या ब्रिटिश लेफ्टनंटची डायरी सांगते की पहिल्या एक-दोन गोळ्या बंडखोरांकडून आल्या. पण तीच डायरी पुढे सांगते की आपले शिपाई हुकूम नसताना धावून गेले आणि इतके बेफाम झाले होते की कोणाचं ऐकेनात. स्वतःच्याच फौजेची अशी अब्रू कोणी प्रचारासाठी काढत नाही. म्हणून पहिल्या गोळीबद्दल बार्करवर किती भरवसा ठेवायचा हे नक्की नसलं, तरी शिपायांची शिस्त सुटली होती या त्याच्या बोलण्याला वजन येतं. पार्करच्या माणसांच्या जबाबाशी ते जुळतंही.

पुढची गंमत पन्नास वर्षांनंतरची. १८२४-२५ च्या सुमारास शेजारच्या कॉन्कर्डनं दावा केला की इंग्रजांना खरा प्रतिकार पहिल्यांदा आम्ही केला, लेक्सिंग्टनचे नुसतेच मेले. गावाची इभ्रत पणाला लागली. एलायस फिनी यांनी लेक्सिंग्टनच्या हयात म्हाताऱ्यांचे नवे जबाब घेतले आणि १८२५ मध्ये पुस्तक छापलं. त्यात हे वृद्ध सांगतात, आम्हीही उलट गोळ्या झाडल्या होत्या. १७७५ ला गावाला निष्पाप दिसायचं होतं, १८२५ ला शूर दिसायचं होतं. कॉन्कर्डचे पाद्री एझ्रा रिप्ली यांनी दोन वर्षांनी उलट पुस्तक काढलं हे सांगायलाच नको.

चित्रांनीही हाच रस्ता धरला. ॲमॉस डूलिटलनं १७७५ मध्येच काढलेल्या चित्रात गावकरी पांगताना दिसतात, प्रतिकार दिसत नाही. १८३० च्या आसपासच्या चित्रात काहीजण बंदूक रोखून उभे राहतात. १८५५ च्या चित्रात त्यांची संख्या वाढते. हेन्री सँडहॅमच्या १८८६ च्या भव्य तैलचित्रात सगळी रांग छाती काढून लढते आहे. घटनेपासून जितकं लांब जावं तितके गावकरी धीट होत जातात. मुलांसमोर ही चित्रं तारखा झाकून ठेवली आणि क्रम लावायला सांगितला, तर निम्मा पाठ तिथेच होतो.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. बखरीतली लढाई आणि त्या दिवसांत लिहिलेलं पत्र यांतला फरक विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापताना आपल्याला दाखवून दिलाच आहे. अस्सल कागदावरचा त्यांचा भर तोच आहे. फक्त लेक्सिंग्टन शिकवणारीला याच्या पुढची पायरी चढावी लागते: कागद अस्सल आहे, लिहिणारा प्रत्यक्ष हजर होता, आणि तरीही तो कोणाला तरी काहीतरी पटवू पाहतो आहे.

सॅम वाइनबर्ग या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच कागदांवर बेतलेला होता. आठ इतिहासकार आणि शाळेच्या शेवटच्या वर्षातली आठ हुशार मुलं, दोघांपुढे लेक्सिंग्टनबद्दलचे तेच उतारे ठेवले आणि वाचताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगितलं. काही इतिहासकार अमेरिकेचे अभ्यासक नव्हतेच. त्यांच्यातल्या काहींपेक्षा सनावळ्या-नावं मुलांना जास्त येत होती. फरक पडला तो वाचण्यात. इतिहासकारांची नजर आधी उताऱ्याच्या तळाला जायची, हे कोणी आणि कधी लिहिलं ते पाहायला. मुलं पहिल्या ओळीपासून सुरू करून शेवटी लेखकाच्या नावाशी पोचायची, किंवा पोचायचीच नाहीत. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यावर मुलांचा सर्वांत जास्त विश्वास बसला. इतिहासकारांनी त्याला अगदी खालची जागा दिली.

चौकट : कागद हातात आला की
आधी तळाशी पाहायचं: कोणी लिहिलं, केव्हा, कोणासाठी. मग आजूबाजूला: त्या आठवड्यात, त्या गावात आणखी काय चाललं होतं. मग दुसरा कागद शोधायचा, शक्यतो विरुद्ध बाजूचा, आणि दोघांत काय जुळतं ते वेगळं काढायचं. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या गैरसोयीचं काही कबूल केलं असेल तर तिथे खूण करायची. शेवटी, त्या प्रसंगी आणखी कोण हजर होतं आणि त्यानं का लिहिलं नाही, हे विचारायचं.

एकेक दार बंद होत गेलं

लेक्सिंग्टन तसा सोपा धडा आहे. अवघड धडा व्हर्जिनियाचा. अमेरिकेत गुलामगिरी १६१९ ला सुरू झाली हे वाक्य मुलं पाठ करून येतात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘व्हाइट लायन’ या जहाजानं अंगोलातून पकडून आणलेले विसाहून थोडे जास्त आफ्रिकी लोक व्हर्जिनियात उतरवले आणि त्यांच्या बदल्यात अन्नधान्य घेतलं. जॉन रॉल्फ यांच्या पत्रामुळे हे आपल्याला कळतं. त्याच्या काही आठवडे आधी, ३० जुलैला, जेम्सटाउनच्या चर्चमध्ये इंग्रज वसाहतीतली पहिली निवडून आलेली सभा भरली होती. एकाच उन्हाळ्यात दोन्ही, आणि शिक्षिकेला दोन्ही एकाच तासाला सांगावं लागतं.

पण त्या वर्षी व्हर्जिनियात गुलामगिरीचा कायदाच नव्हता. शेतावर राबणारे बहुतेक इंग्रज नोकर होते. जहाजाच्या भाड्याच्या बदल्यात चार ते सात वर्षं राबायचं, मग मोकळं. आलेल्या आफ्रिकींपैकी काहीजणही मोकळे झाले. १६२१ मध्ये आलेला अँथनी जॉन्सन तीस वर्षांनी अडीचशे एकरांचा मालक होता, आणि जॉन केसर या दुसऱ्या काळ्या माणसावर आयुष्यभराचा हक्क सांगत तो कोर्टातही गेला होता. चांगले आणि वाईट अशा दोन रांगा लावू पाहणाऱ्याची इथे पंचाईत होते.

मग जन्मभराची, वंशपरंपरागत, कातडीच्या रंगावरची गुलामगिरी आली कशी? एकेक दार बंद होत होत आली. १६४० मध्ये तीन नोकर पळाले आणि पकडले गेले. दोन युरोपीयांना काही जादा वर्षांची शिक्षा झाली, तिसऱ्या जॉन पंचला, तो काळा म्हणून, आयुष्यभराची. १६५६ मध्ये एलिझाबेथ की ही स्त्री कोर्टात स्वातंत्र्य जिंकली. तिची आई आफ्रिकी होती, वडील इंग्रज. तिचं म्हणणं असं: इंग्रजी कायद्यात मूल बापाचा दर्जा घेतं आणि माझा बाप स्वतंत्र होता, शिवाय माझा बाप्तिस्मा झालेला आहे, शिवाय वडिलांनी मला ठरावीक वर्षांच्याच बोलीवर ठेवलं होतं. कोर्टानं मानलं. त्यानंतर सहा वर्षांनी, १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या सभेनं कायदा केला की मूल आईचा दर्जा घेईल. त्यामुळे मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेलं मूलही मालकाची मालमत्ता ठरू लागलं. १६६७ मध्ये दुसरा कायदा आला, बाप्तिस्म्यानं कोणी स्वतंत्र होत नाही. ज्या युक्तिवादांवर एक बाई सुटली, ते एकेक करून निकामी करण्यात आले.

१६७६ मध्ये नॅथॅनिएल बेकन या जमीनदारानं गव्हर्नरविरुद्ध बंड केलं. मूळ भांडण स्थानिक आदिवासींविरुद्ध आणखी कडक युद्ध करावं की नाही याचं होतं, म्हणजे बंड काही उदात्त नव्हतं. पण त्यात गोरे नोकर आणि काळे गुलाम खांद्याला खांदा लावून लढले आणि जेम्सटाउन जाळलं गेलं. एडमंड मॉर्गन या इतिहासकारांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात मांडलं की या एकजुटीच्या धास्तीनं जमीनदार गोऱ्या गरिबांना जवळ करू लागले आणि काळ्यांना कायमचं खाली ढकललं. इतर इतिहासकार इंग्लंडहून येणाऱ्या नोकरांची आटलेली संख्या आणि गुलामांचा वाढलेला व्यापार यांवर जास्त भर देतात. १७०५ च्या व्हर्जिनियाच्या संहितेत मात्र रांगा स्पष्ट झाल्या. मुदत संपलेल्या गोऱ्या नोकराला जाताना धान्य, पैसे आणि एक बंदूक द्यायची. गुलामांबद्दलचे सगळे निर्बंध एकत्र करून पक्के करायचे.

हे शिकलेली शिक्षिका ‘गुलामगिरी १६१९ ला सुरू झाली’ असं म्हणेलही, पण पुढचं वाक्य तिच्याकडे तयार असतं: आणि ती बनवायला शंभर वर्षांच्या आसपास लागली, कायदे करून. हे सांगणं आजही धोक्याचं असू शकतं. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं १६१९ हे वर्ष मध्यभागी ठेवून लेखमाला काढली, पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १७७६ च्या नावानं आयोग नेमला, आणि २०२१ पासून अनेक राज्यांनी वंशभेदाबद्दल वर्गात काय बोलायचं यावर कायदे केले. अशा वेळी १६६२ चा कायदा वर्ष-तारखेसह हाताशी असणं हे मतापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

ज्यांनी लिहिलं नाही

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला अमेरिकन शाळांतून कागदी टोप्या घातलेले यात्रेकरू (म्हणजे १६२० ला प्लिमथ वसवणारे इंग्रज) आणि पिसं लावलेले ‘इंडियन’ यांची मेजवानी भरवायची जुनी प्रथा आहे. तिचा आधार त्या वस्तीतल्या एडवर्ड विन्स्लोच्या डिसेंबर १६२१ च्या पत्रातला एक परिच्छेद. कापणी झाली, तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसॅसोइट नव्वद माणसं घेऊन आला, तीन दिवस खाणं झालं, पाहुण्यांनी पाच हरणं आणली. इतकंच. पत्र १६२२ मध्ये लंडनला छापलं गेलं, नव्या वस्तीकडे लोक ओढले जावेत म्हणून. तेव्हा त्यात उपासमारीची वर्णनं शोधू नयेत.

वाम्पानोआगांच्या बाजूचं असं पत्र नाही. पण सगळंच अंधारात नाही. १६१६ ते १६१९ दरम्यान किनाऱ्यावर आलेल्या साथीनं वस्त्याच्या वस्त्या संपल्या. प्लिमथ जिथे वसलं ते पॅटक्सेट नावाचं रिकामं पडलेलं गाव होतं. यात्रेकरूंना मका पेरायला शिकवणारा टिस्क्वांटम त्याच गावचा. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानानं त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं, तिथून तो इंग्लंडला पोचला, तिथे भाषा शिकला आणि परत आला तेव्हा गावात कोणी उरलं नव्हतं. तो इंग्रजी कुठे शिकला, हा प्रश्न एखादं मूल विचारतंच. त्या एका प्रश्नानं मेजवानीचा सगळा धडा उलटा फिरतो.

१९७० मध्ये प्लिमथच्या साडेतीनशेव्या वर्धापनदिनाला वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग गृहस्थांना भाषणाला बोलावलं होतं. भाषण आधी पाहिल्यावर आयोजकांनी ते बदलायला सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि त्या वर्षापासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथला शोकदिन पाळला जाऊ लागला. जेम्स पेशानं संगीत शिक्षक होते.

शाळाही त्याच इतिहासातली

या अभ्यासात होणाऱ्या शिक्षिकेला एक अनपेक्षित गोष्ट भेटते, तिचा स्वतःचा धंदा. मॅसॅच्युसेट्सनं १६४७ मध्येच कायदा केला होता की पन्नास घरांच्या गावानं लिहायला-वाचायला शिकवणारा माणूस नेमावा. हेतू बायबल वाचता यावं हा. दक्षिण कॅरोलिनानं १७४० मध्ये उलट कायदा केला: गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला दंड. आदल्या वर्षी स्टोनो इथे गुलामांचं बंड झालं होतं. अक्षर कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही हे पहिल्यापासून कायद्यानं ठरत होतं.

शिक्षक घडवणारी अमेरिकेतली पहिली सरकारी शाळा ३ जुलै १८३९ ला उघडली, तीही लेक्सिंग्टनच्या त्याच हिरवळीच्या कडेला. पहिल्या दिवशी तीन मुली आल्या. त्याआधीच न्यू इंग्लंडमध्ये शिकलेल्या अविवाहित बायकांची एक पिढी शिकवण्याच्या कामाला लागली होती, आणि त्यातली एक आपल्या परिचयाची निघते. न्यू हॅम्पशरची सिंथिया फरार १८२७ मध्ये अमेरिकन मिशनतर्फे मुंबईला आली, पुढे अहमदनगरला तिनं मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींसाठी शाळा काढायचं त्यांच्या मनानं घेतलं, हे आपल्याकडच्या चरित्रांत आहे. अमेरिकन पाठ्यपुस्तकांत ती शोधून सापडायची नाही.

“मिस, मग खरं काय?”

कागद एकमेकांसमोर ठेवायला लागलं की हा प्रश्न येणारच. इथे घसरायच्या जागा दोन आहेत. एक म्हणजे घाबरून पुस्तकातलं उत्तर देऊन टाकणं. दुसरी जास्त फसवी, कारण ती हुशारीसारखी दिसते: प्रत्येकाचं आपापलं खरं असतं, असं म्हणून सुटका करून घेणं.

लेक्सिंग्टनला पहिली गोळी कोणाची हे माहीत नाही, आणि असलेल्या कागदांवरून ते कळण्यासारखंही नाही. हे शिक्षिकेनं बिनदिक्कत सांगावं. पण त्याच श्वासात हेही सांगावं, की गावकरी आठ मेले हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. ब्रिटिश शिपाई हुकुमाबाहेर गेले हे त्यांच्याच अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. पार्करचे लोक संख्येनं इतके थोडे होते की रस्ता अडवून धरायचा त्यांचा बेत असणं कठीण आहे. १६६२ चा कायदा झाला की नाही यावर तर दोन मतंच असू शकत नाहीत. तो का झाला यावर असू शकतात, आणि तिथे मुलांनी भांडावं.

पाचवीच्या तासाला एवढं सगळं मावत नाही. पार्करच्या जबाबातल्या चार ओळी, बार्करच्या डायरीतल्या चार, आणि दोन चित्रं, एवढंच मावतं. मुलांनी आधी तारखा शोधायच्या, मग नावं, मग मजकूर वाचायचा. पहिल्या खेपेला निम्मी मुलं थेट मजकुरावरच उडी मारतात. त्यांना परत तळाच्या ओळीकडे आणायचं, आणि पुढच्या आठवड्यात व्हर्जिनिया शिकवताना पुन्हा तेच करायचं.